आष्टीकरांची पोच

आमच्या शेजारी आष्टीकर राहतात. त्यांच्या दाराची बेल वाजवली तरी दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "शब्द?" त्या दिवसाचा शब्द तुम्हाला माहीत असला तर तो सांगायचा, मग कडी निघते. माहीत नसला तर कोण, कुठले, कशाला आलात, मागच्या खेपेला आपलं काय बोलणं झालं होतं, अशी सगळी जबानी द्यायची. एवढं करूनही दार साखळीपुरतंच उघडतं आणि फटीतून चष्म्याची एक काच दिसते.

दूधवाल्याला दुसऱ्या दिवशीचा शब्द आदल्या दिवशी सांगून ठेवलेला असतो. एकदा शब्द होता "घुबड". दूधवाला सिल्लोडकडचा, सकाळी सकाळी पहिल्याच दारात घुबडाचं नाव घ्यायला तयार होईना.

"साहेब, मी 'दूध' म्हणतो की."

"दूध कोणीही म्हणेल," आतून उत्तर.

"मग 'गाय' म्हणतो. नायतर 'लक्ष्मी' म्हणतो."

"आजचा शब्द लक्ष्मी नाही."

दोघांचं दहा मिनिटं चाललं. दूधवाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोंबलत होता की हा माणूस मला सकाळच्या पारी घुबड म्हणायला लावतो. शेवटी मीच माझ्या दारातून ओरडले, "घुबड! घ्या, म्हणलं! आता उघडा दार, दूध नासंल!"

दार उघडलं. आष्टीकरांनी पातेलं पुढं केलं, दूध घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मावशी, तुम्हाला कळला म्हणजे शब्द फुटला." तिथंच शब्द बदलला. नवा शब्द होता "सुतळी". माझ्याकडून धन्यवादाची अपेक्षा होती की काय कोण जाणे, मी दार लावून घेतलं.

आमची घरं जोडून आहेत, मधली भिंत एकच. नवरा गेल्यावर मुलगा म्हणाला, वाळूजला माझ्याकडं चल. तिथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मुलगा पाळीवर, सून शाळेत. दिवसभर मी काय भिंती मोजू? मी म्हटलं, मला भिंतीच मोजायच्या तर माझ्या मोजते. म्हणून मी इथं एकटी आणि भिंतीपलीकडं आष्टीकर एकटे. त्यांनी लग्न केलं नाही. मी एकदा तोंडावर विचारलं होतं, "आष्टीकर, बायको कामून केली नाय?"

"दोन ठिकाणी बघून आलो, मावशी. ओळख पटली नाही."

हे ते हसत हसत म्हणाले नाहीत. ते कधीच हसत हसत काही म्हणत नाहीत. म्हणूनच त्यांच्याशी बोलताना मला मजा येते.

त्यांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या मोठ्या खोलीत होती. तिला ते "कक्ष" म्हणत. मी चौथी शिकलेली बाई, पण त्यांनी मला ते काम इतक्या वेळा समजावून सांगितलं की आता मी झोपेतही सांगेन. जायकवाडीचं पाणी शहरापर्यंत चढवून आणावं लागतं. मग ते जागोजागच्या उंच टाक्यांमध्ये भरतात. पूर्वी एकेका टाकीवर माणूस असायचा, तो चाक फिरवून पाणी घ्यायचा, चाक फिरवून बंद करायचा. पुढं शहर वाढलं. जिथं ज्वारी होती तिथं कॉलन्या झाल्या, टाक्या झाल्या, तेवढी माणसं कुठून आणणार? मग प्रत्येक टाकीवर एक पेटी बसवली. पेटी बिनतारी सांगते की माझ्यात एवढं पाणी आहे. कक्षातला कॉम्प्युटर ते ऐकतो. टाकी भरली म्हटलं की तो व्हॉल्व्ह बंद करतो आणि पाणी पुढच्या टाकीकडं वळवतो. माणसाचा हात लागत नाही. आष्टीकरांचं काम इतकंच की ह्या दोघांच्या बोलण्यात तिसरा कोणी शिरू नये.

"आणि शिरला तर?" मी विचारलं.

"शिरला तर कळणारच नाही, हेच तर दुखणं आहे. आपल्या पेट्या उघड्यावर बोलतात, मावशी. उद्या कोणी पेटीच्या नावानं बोललं तरी कॉम्प्युटर ऐकेल. त्याला शब्द विचारायची अक्कल दिलेलीच नाही."

शब्द विचारणाऱ्या पेट्या मिळतात म्हणे. तशा पेट्या बसवा म्हणून आष्टीकर वर्षानुवर्षं अर्ज करत होते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायचे, म्हणजे अर्ज मिळाला असा सही-शिक्का. पोच हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द. तुम्ही त्यांना वाटीभर पिठलं दिलंत तरी ते वाटी परत देताना म्हणणार, "मिळाली, खाल्लं, चांगलं होतं. ही पोच." अर्जांच्या पोचा त्यांच्याकडं ढीगभर जमल्या होत्या. पेट्या काही आल्या नाहीत. त्यांचे साहेब म्हणाले, "आष्टीकर, लोक पाणी चोरायला नळाला मोटार लावतात. कॉम्प्युटर कोण लावतं?" सगळं कार्यालय हसलं. ही गोष्ट मला आष्टीकरांनीच सांगितली, तीही जशीच्या तशी, साहेबांच्या हसण्यासकट.

त्याच साहेबांनी एकदा कक्षात फोन केला की अमुक व्हॉल्व्ह ताबडतोब उघडा.

"शब्द?" आष्टीकर म्हणाले.

"अरे, मी बोलतोय!"

"मी म्हणजे कोण?"

"आवाज ओळखत नाहीस का माझा?"

"आवाज चोरता येतो, साहेब," असं म्हणून आष्टीकरांनी फोन ठेवला. साहेब जीप काढून स्वतः आले आणि त्यांच्यासमोर लालबुंद होऊन उभे राहिले. आष्टीकर खुर्चीतून उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "आता ओळख पटली. हुकूम लेखी द्या." त्यानंतर पुढची बढती त्यांना मिळाली नाही. आवाज चोरता येतो हे वाक्य मात्र त्यांनी सोडलं नाही. मुलाचा फोन आला की मीसुद्धा आता आधी विचारते, तुझ्या आजोळच्या बैलाचं नाव काय होतं. मुलगा वैतागतो, पण सांगतो.

मग ती दुष्काळाची सालं आली. धरण तळाला गेलं, आठव्या दिवशी पाणी यायला लागलं आणि तेही तासभर. ज्या दिवशी पाळी त्या दिवशी कोणी गावाला जात नसे, कोणी आजारी पडत नसे. घरातल्या वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. टँकरवाल्यांचं चांगलं चाललं होतं.

अशात एका सकाळी आष्टीकर माझ्या दारात आले, स्वतःहून शब्द सांगितला (मी विचारला नव्हता) आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या गच्चीवर जायचंय."

माझ्या गच्चीवरून आमच्या भागाची टाकी समोर दिसते. तिच्या अंगावर वरून खालपर्यंत एक लोखंडी पट्टी आहे आणि पट्टीवर एक लाल काटा. पेटी येण्याआधीचं ते माप. आत तरंगणारा डबा, त्याला दोरी, दोरी वरच्या चाकावरून बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला काटा. सगळे ते विसरून गेले होते, कावळे त्यावर बसायचे. आष्टीकरांनी हात कपाळाला लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काटा कुठं दिसतो?"

"पार वर हाय. टाकी भरली की मग."

"चूक. काटा वर म्हणजे टाकी रिकामी. पाणी चढलं की आतला डबा वर जातो आणि बाहेरचा काटा खाली येतो. म्हणून, मावशी, भरली का रिकामी हे तुम्ही सांगायचंच नाही. काटा कुठं आहे तेवढं सांगायचं. डोळ्यांना दिसलं ते तुमचं, अर्थ माझा."

मला जरा राग आला, पण बोलणं खरं होतं. त्यांना संशय होता. टाकीची पेटी कधी कधी एकच आकडा तासन् तास सांगत बसायची. खऱ्या टाकीतलं पाणी हलतं, त्यामुळं आकडा थरथरतो. हा आकडा थरथरत नव्हता. कक्षात कोणाला पटेना. टाकीखालच्या रखवालदाराला, सलीमभाईला, फोन केला तर तो खालच्या डब्यावरचा हिरवा दिवा बघून सांगायचा, "साब, टंकी फुल है, कंप्यूटर बोलरा." म्हणजे कॉम्प्युटरचं खरं का खोटं हे कॉम्प्युटरलाच विचारल्यासारखं. वर काटा बघ म्हणावं तर झाडामुळं त्याला खालून दिसत नव्हता. म्हणून आष्टीकरांना दुसरी वाट पाहिजे होती, जिच्यात वायर नाही, पेटी नाही. ती वाट म्हणजे मी.

कायदा ठरला. रोज सकाळी पावणेसातला आष्टीकर माझ्या दाराखालून चिठ्ठी सरकवणार, तीत त्या दिवसाचा शब्द. मी तो वाचून मधल्या भिंतीवर लाटण्यानं दोन टोले द्यायचे. ते पलीकडून एक देणार. ही झाली पोच. सात वाजेपर्यंत माझे टोले आले नाहीत तर ते येऊन बघणार.

"एवढं कशाला? एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलं."

"नाही, मावशी. खोटं बोलणारं यंत्र एक वेळ परवडलं. गप्प बसलेलं यंत्र वाईट. त्याचं काय झालंय तेच कळत नाही."

मला यंत्र म्हटलं म्हणून मी त्या दिवशी त्यांना पिठलं दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमची पाळी होती. संध्याकाळी पाणी सुटणार, त्यासाठी टाकी दुपारपर्यंत भरायला हवी. दोन पाळ्या आम्हाला पाणी नीट आलं नव्हतं, त्यामुळं घराघरात पिंपं कोरडी. समोरच्या घरी बाळंतीण, तिच्या बाळाच्या लंगोट्यांना पाणी नाही. ही पाळी हुकली की पुढचे आठ दिवस काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी अकराला फोन वाजला.

"मावशी, गच्चीवर जा. काटा कुठं आहे?"

गुडघे धरत धरत मी जिना चढले. ऊन असं की गच्ची तव्यासारखी. काटा बघितला. मग फोन कानाला लावून सांगितलं, "पार वर हाय. चाकाला टेकलाय."

"शब्द?"

शब्द सकाळी वाचला होता, टोलेही दिले होते. पण डोक्यातून साफ गेला.

"अहो, काटा वर हाय म्हणते ना! टाकी रिकामी हाय!"

"अर्थ तुम्ही सांगायचा नाही. शब्द सांगा."

"आष्टीकर, मी बोलतेय! गया! भिंतीपलीकडची! माझा आवाज ओळखत नाय व्हय?"

"ओळखतो. पण आवाज चोरता येतो."

"माझा आवाज कोण मेला चोरतो? काय करायचाय त्याला?"

"मावशी, इथं साहेब माझ्या शेजारी उभे आहेत. पेटी म्हणते, टाकी भरलेली. साहेब म्हणतात, पाणी पुढं वळवा. मी म्हणतो, थांबा. माझ्याकडं पाच मिनिटं आहेत. आता मीच कायदा मोडून तुमचं ऐकलं तर उद्या माझं कोणी का ऐकावं?"

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. बोलत बोलतच जिना उतरले. चिठ्ठी शोधायला लागले. पिठाच्या डब्याखाली नाही, कॅलेंडरच्या मागं नाही, देवाजवळ नाही. बाहेर बाया रिकाम्या कळश्या घेऊन ओट्यावर बसलेल्या, त्यांना काय ठाऊक की त्यांचं पाणी माझ्या घरात हरवलंय. मग आठवलं, सकाळी मिश्री भाजली होती आणि ती बांधायला हाताला आला तो कागद घेतला होता. पुडी सोडली, मिश्री ओट्यावर सांडली, काळी बोटं कागदावर घासत मी वाचलं.

"कडीपत्ता!" मी फोनमध्ये ओरडले.

"पुन्हा सांगा."

"कडीपत्ता, कडीपत्ता, कडीपत्ता! आणि काटा वर हाय!"

"मिळाला," आष्टीकर म्हणाले. "ही पोच." आणि फोन बंद.

त्यांनी कॉम्प्युटरला बाजूला केलं, माणूस पाठवून व्हॉल्व्ह हातानं उघडायला लावला. मी पुन्हा गच्चीवर गेले. कोणी सांगितलं नव्हतं, पण गेले. डोक्यावर पदर घेऊन बसले आणि काट्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं तो हलला. मग वीतभर खाली आला. खाली सलीमभाई झाडं ओलांडून पार आमच्या गल्लीत येऊन वर बघत होता. "अम्मा, ये तो सच्ची में खाली थी!" तो म्हणाला. "डब्बा झूट बोलरा था!"

संध्याकाळी नळाला पाणी आलं. चांगलं तासभर आलं. बाळंतिणीच्या घरचं पिंप भरताना मी स्वतः बघितलं.

पुढं चौकशी झाली. टाकीवर पेट्या बसवायला आलेल्यांपैकीच एक माणूस नंतर एका टँकरवाल्याच्या पदरी गेला होता. टाकीपासून जवळच्या एका दुकानाच्या माळ्यावर त्यानं आपली पेटी ठेवली होती. ती आमच्या टाकीच्या नावानं बोलायची, भरली, भरली, भरली. खऱ्या टाकीचा आवाज तिच्यापुढं दबायचा. पोलीस त्याला घेऊन गेले आणि वर्षाच्या आत सगळ्या टाक्यांवर शब्द विचारणाऱ्या पेट्या आल्या. साहेबांनी आष्टीकरांना बोलावून सत्काराचा नारळ दिला. आष्टीकरांनी नारळाची पोच दिली. मला येऊन म्हणाले, "मावशी, आता टाकीलासुद्धा शब्द लागतो." त्या दिवशी त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल दिसला. मी पिठलं केलं.

नंतर ते निवृत्त झाले. दुष्काळ सरला, धरण भरलं, टाकीला नवा रंग दिला. रंगवताना ती पट्टी आणि काटा काढून भंगारात घातला. चिठ्ठी मात्र चालूच. रोज पावणेसातला दाराखालून शब्द, माझे दोन टोले, त्यांचा एक. मी म्हटलं, माणसाची सवय आहे, जात नसेल. पण एकदा विचारलंच.

"आष्टीकर, काटाच नाय आता. मी काय बघून सांगू? चिठ्ठी कामून टाकता?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "वाटेला दोन टोकं असतात, मावशी." आणि घरात गेले. मला वाटलं, पुन्हा काहीतरी टाक्यांचंच सांगताहेत.

ह्या हिवाळ्यात मला ताप आला. तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या सकाळी चिठ्ठी आत आलेली पलंगावरून दिसली, पण उठवेना. लाटणं स्वयंपाकघरात. म्हटलं, राहू द्या एक दिवस. डोळा लागला.

दार धडाधडा वाजायला लागलं तेव्हा जाग आली. बेल असताना माणूस दोन्ही हातांनी दार बडवत होता.

"मावशी! ओ मावशी!"

ताप असला तरी माझी खोड जात नाही. इतक्या वर्षांत ही संधी आली नव्हती. मी पलंगावरूनच विचारलं, "शब्द?"

बडवणं थांबलं. मी वाट बघितली.

"शब्द सांगा, आष्टीकर. आवाज चोरता येतो."

"मावशी..." मग अगदी बारीक आवाज आला. "आठवत नाही, मावशी."

अर्ध्या तासापूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. शब्दावाचून ज्यानं साहेबाचाही फोन ठेवून दिला त्या माणसाला आठवत नव्हतं. मी भिंत धरत धरत गेले आणि कडी काढली.

ते उभे होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, एका पायात चप्पल, चष्मा नाहीच. माझ्याकडं नीट बघून घेतलं, दोनदा. मग घसा साफ करून म्हणाले, "मावशी, तुम्ही शब्दाशिवाय दार उघडलंत. हे बरोबर नाही."

"अरे येड्या," मी म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा अरे म्हटलं, "असला रडका आवाज कोण चोरील? चल आत, चहा टाक. मला उभं राहवत नाय."

त्यांनी चहा केला. साखर नव्हती त्यात, मी बोलले नाही. जाताना जमिनीवरची चिठ्ठी उचलून माझ्या उशाशी ठेवली. शब्द होता "सांडशी".

चार दिवसांत मी बरी झाले. मुलगा येऊन गेला, पुन्हा वाळूजला चल म्हणाला, मी पुन्हा नाही म्हटलं. तो गेल्यावर मला त्या दोन टोकांचं कोडं सुटलं. एखाद्या सकाळी दाराखालून चिठ्ठी आलीच नाही, तर पलीकडं जाऊन दार बडवणारं जगात कोण आहे? मीच.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच उठले. चिठ्ठी यायची होती. कायद्यात बसत नाही, पण मी लाटणं घेतलं आणि भिंतीवर दोन टोले दिले.

पलीकडून लगेच एक आला. हात भिंतीपाशी धरूनच बसले असणार.